सहा टोकांचा तारा

ट्रुगानिना, मेलबर्न
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय सुहास,

प्रभूमध्ये सलाम.

फोनवर मी ओरडून गुडघ्यांचं विचारतो आणि तू "जेवले, जेवले" म्हणतेस. तुझे कान आता फोनच्या कामाचे राहिले नाहीत, म्हणून हे पत्र. विनय म्हणतो, "नाना, टाइप करा, एका सेकंदात पोचेल." पण एका सेकंदात गेलेली गोष्ट खरंच गेली का, याची मला दिवसभर काळजी लागते. तिकीट लावून डब्यात टाकलेलं बरं. तरी मी वाकून बघतोच, फटीत अडकलं तर नाही ना.

विनय घरूनच काम करतो, पण खोलीचं दार लावून. सूनबाई, मिताली, ट्रेनने शहरात जाते. रुचा बारा वर्षांची झाली. नातीला माझं मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. मग उरतो मी आणि मागचं अंगण.

पण आता मला शेजारी मिळालाय. बुनमी त्याचं नाव. माझ्याच वयाचा, दात माझ्यापेक्षा जास्त. लाओस देशाच्या डोंगरातला. त्यांच्या जमातीला खमू म्हणतात. तिकडच्या लढाईत पळून आला, डँडेनॉन्गच्या कारखान्यात राबला, आता मुलाकडे राहतो. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे 'गुड' आणि 'नो गुड'. तेवढ्यात आमचं छान चालतं. मधलं पत्र्याचं कुंपण डोक्याहून उंच आहे. पत्र्यावर तीनदा टकटक करायचं, मग मी दुधाच्या उलट्या क्रेटवर चढतो आणि तो बादलीवर. त्याने कुंपणाशी बांबू लावलेत. कोयत्याने कामट्या काढतो, ते बघत राहावं असं. परवा मी हात पुढे केला तर त्याने कोयता दिला. मी एक कामटी सोलली. त्याने ती वाकवली, कानाशी धरली आणि म्हणाला, "गुड." सुहास, मिशन हॉस्पिटलच्या जीपवर बत्तीस वर्षं काढली, मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. दर रविवारी आम्ही पॉइंट कुकला एका हॉलमध्ये प्रार्थनेला जमतो. यतिन म्हणून एक पुण्याचा मुलगा ते सगळं बघतो. कॉम्प्युटरवाला आहे, भला आहे. गेल्या रविवारी त्याने पडद्यावर लहान लहान जमाती दाखवल्या, ज्यांच्यात अजून थोड्यांनीच शुभवर्तमान ऐकलंय. त्यात खमू आले. डोंगराचं, झाडाचं, घराचं, प्रत्येकाचं भूत मानतात म्हणे, त्यांना कोंबडं देतात. मी बसल्या जागी बोलून गेलो, "हे तर माझ्या शेजारी राहतात." सगळे वळून बघायला लागले. यतिन म्हणाला, "अंकल, मग हे शेत तुमचंच."

अठ्ठ्याहत्तर वर्षांत मी एकही माणूस प्रभूकडे आणलेला नाही. आप्पांनी अख्खी ठाकरवाडी आणली. तो फोटो अजून डोळ्यांसमोर आहे, मध्ये आप्पा, शेजारी पाद्रीसाहेब, भोवती सगळी वाडी. आप्पा गेले तेव्हा मी सातवीत. काही विचारायचं राहून गेलं. तू आईजवळ जास्त राहिलीस, तुला ठाऊक असेल. वाडीत शिरल्यावर आप्पा पहिलं वाक्य काय बोलायचे? पहिलं कळलं की पुढचं जमेल. चुकीचं बोललो आणि बुनमी रागावला तर मी दिवसभर कुणाशी बोलू? लवकर लिही.

तुझा दादा


संगमनेर
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

सलाम. गुडघे होते तिथेच आहेत, फक्त मी त्यांना घेऊन कुठे जात नाही. जेवते वेळेवर.

तुझं अक्षर बघून शाळेतला तू आठवलास. ओळ संपत आली की शब्द बारीक करत जायचास, वहीच्या बाहेर पडतील या भीतीने. अजून तसंच आहे.

आप्पांचं पहिलं वाक्य विचारतोस. ते बोलायचेच नाहीत. वाडीबाहेर उंबराखाली बसून राहायचे. कुणी आलं की पाणी मागायचे. त्यांच्या घरचं पाणी आधी आपल्या पोटात गेलं पाहिजे, मग आपलं तोंड उघडायचं, असं म्हणायचे. पण हे शहाणपण त्यांना नंतर आलं. सुरुवातीला तेही पाद्रीसाहेबांबरोबर हार्मोनियम आणि पडद्यावर चित्रं दाखवणारा कंदील घेऊन थेट आत शिरायचे. तुझा तो फोटो तेव्हाचा. ठाकरवाडीचं पुढचं सगळं पत्रात लिहिण्यासारखं नाही. केव्हातरी सांगेन.

नाताळ जवळ आला की मला तुझे तारे दिसतात. पडवीत कामट्यांचा ढीग, चुलीवर खळ शिजतेय, आणि तू आईला पतंगी कागद उजेडात धरायला लावून भोकं शोधतोयस. एका वर्षी आतली मेणबत्ती कलली, तारा पेटला आणि तू रडत होतास की आता आपल्या घरी येशू कसा येणार. आप्पा म्हणाले, तो मागच्या दाराने येईल. आणि वैशाखात पळसाच्या पानात करवंदं घेऊन येणारी ती म्हातारी आठवते का? आप्पा तिला ओसरीवर बसवून स्वतः पाणी द्यायचे.

माझं ऐकशील तर बुनमीबरोबर कामट्याच काढ. तुझं 'गुड'वर चाललंय ते पुष्कळ आहे. पण तू माझं कधी ऐकलंस.

तुझी सुहासिनी


ट्रुगानिना
३ डिसेंबर २०२४

प्रिय सुहास,

सलाम. मला पहिलं वाक्य बोलावंच लागलं नाही. प्रभूनेच दार उघडलं.

बुनमीच्या सुनेला महिन्यापूर्वी मुलगा झाला. शनिवारी सकाळी मी कचऱ्याचा डबा आत घ्यायला पुढे गेलो, तर त्यांच्या दारावर तारा. कामट्यांचा, हाताने विणलेला, सहा टोकांचा. आपला पाच टोकांचा असतो, पण त्यांच्याकडे सहाचा असेल. मी रस्त्यात उभाच राहिलो. मी काही न सांगता, काही न शिकवता त्यांनी नाताळचा तारा लावला होता. नुसता सांगाडा मात्र. कागद नाही, शेपटी नाही, दिवा नाही. मला वाटलं, बिचाऱ्याला कुणी पुढचं दाखवलेलं नाही.

मी तो खिळ्यावरून काढला आणि घरी आणला. रुचा म्हणाली, "नाना, यू कान्ट जस्ट टेक इट." म्हटलं, परत देणार आहे, अजून चांगला करून. तिच्या शाळेच्या सामानातला लाल कागद घेतला, मैद्याची खळ केली, सायकलचा दिवा आत बांधला, खाली शेपट्या लावल्या. साठ वर्षांनी बोटांना सगळं आठवलं. फक्त उजेडात कागद धरायला आई नव्हती. दीड तासात तयार. मितालीने केलेल्या करंज्या डब्यात भरल्या आणि गेलो. जाळीचं दार नुसतं लोटलेलं होतं.

आत सगळे चटईवर बसले होते. मधे परात, परातीत भात, अंडं, उकडलेली कोंबडी, पांढरे दोरे. सून बाळाला घेऊन बसलेली. बुनमी काहीतरी म्हणत होता, तो थांबला. मी दिवा लावलेला तारा वर धरला आणि आपलं नाताळचं एक गायन पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. मग बाळाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, बरीच मोठी. कुणी हललं नाही. बुनमीच्या बायकोने तोंडाला कापड लावलं, तिचे डोळे वाहत होते. बुनमी माझ्याकडे नाही, ताऱ्याकडे बघत होता.

या गडबडीत मला पाणी विचारायचं त्यांचं राहून गेलं.

रविवारी यतिनने मला पुढे बोलावून हे सांगायला लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मितालीचे डोळे भरले. करवंदंवाली म्हातारी आठवते का म्हणतेस? आठवते तर. आप्पांनी प्रभूकडे आणलेलं पहिलं माणूस, त्यांचं पहिलं फळ ना ती? मला आता आप्पांच्या शेजारी फोटोत उभं राहिल्यासारखं वाटतंय.

एकच गोष्ट. आज मंगळवार. तीन दिवस झाले, टकटक नाही. मी केली तर पलीकडून उत्तर नाही. बाळाच्या धावपळीत असेल. की मला करंज्यांत वेलदोडा जास्त झाल्याचं सांगायला लाजतोय? तुला काय वाटतं?

तुझा दादा


ट्रुगानिना
१५ डिसेंबर २०२४

प्रिय सुहास,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय.

मागच्या बुधवारी माझा तारा त्यांच्या पिवळ्या झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात दिसला. लाल कागदासकट अख्खा. गुरुवारी ॲम्ब्युलन्स आली. बाळाला नेलं. श्वास लागत होता म्हणे.

मिताली त्यांच्या सुनेला जाऊन भेटली. ती सून वृद्धाश्रमात नोकरी करते, इंग्रजी चांगलं बोलते. मिताली परत आली तेव्हा बाहेर पायरीवरच बसली. मग आत येऊन म्हणाली, "नाना, तो तारा नव्हता." ती त्यांची घर बंद असल्याची खूण, मला दुसरा शब्द येत नाही. ती लावली की परक्याने आत पाऊल टाकायचं नाही. आत बाळाच्या जिवाला घरी बोलावत असतात. नवा जीव बिचकणारा असतो, परकं पाऊल वाजलं की निघून जातो, असं ते मानतात. म्हणून दोरे, म्हणून अंडं.

मी यतिनला फोन केला. तो म्हणाला, "अंकल, डोन्ट वरी. बेबीला चेस्ट इन्फेक्शन आहे. तुमच्या प्रार्थनेने वाईट कसं होईल? त्यांच्या भीतीत तुम्ही सापडू नका." त्याचं खरं असेल. मी ख्रिस्ती माणूस, मी भुतं मानत नाही. पण सुहास, त्यांनी लावलेलं दार मी काढून घरी नेलं आणि त्याला कागद चिकटवला. हे तर खरं आहे ना? आणि बाळाला काही झालं तर बुनमीला मी कुठल्या भाषेत सांगू?

क्रेट तिथेच पडलाय. त्यावर उभं राहायचं धाडस होत नाही.

आप्पांकडून असं कधी झालं नसतं.

तुझा दादा


संगमनेर
४ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. पोस्टमनने एकत्र दिली. मी आधी आनंदाचं वाचलं आणि मग दुसरं. त्या मधल्या दोन मिनिटांतच मला शंका आली होती, कारण तू लिहिलं होतंस की कुणी हललं नाही.

आप्पांकडून झालं होतं. हुबेहूब हेच. आईने मला माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी सांगितलं आणि तुला सांगू नको म्हणाली. तू आप्पांच्या नावावर उभा होतास. ती पायाखालची फळी काढायची कशाला, असं तिला वाटायचं. मलाही वाटत आलं. आता फळी निघालीच आहे.

तो फोटो पहिल्या भेटीचा. वाडी तमाशा बघायला जमावी तशी जमली होती, बाप्तिस्मा कुणाचाच नव्हता. दुसऱ्या वेळी आप्पा आणि पाद्रीसाहेब गेले तेव्हा एका झोपडीच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा आडवा लावलेला होता. आत बाळंतीण. डहाळा म्हणजे काय हे आप्पांना चांगलं ठाऊक होतं, आपल्याच मातीतले ते. पण साहेब पुढे होते, हातात कंदील होता, आणि अंधश्रद्धा मोडायची हीच वेळ असं आप्पांना वाटलं. त्यांनी डहाळा बाजूला केला. आत जाऊन गायन, प्रार्थना, सगळं केलं. आठवड्याने ते मूल गेलं. धनुर्वात, असं आपल्या डॉक्टरांनी आईला सांगितलं. नाळ कशाने कापली कोण जाणे. आप्पांच्या पावलाने नव्हे. हे तूही नीट वाच, दोनदा वाच.

पण आप्पा स्वस्थ बसले नाहीत. साहेबांना न सांगता दर शनिवारी एकटेच वर जायचे. पुस्तक नाही, पेटी नाही. वाडीबाहेरच्या उंबराखाली दिवसभर बसायचे आणि उतरायचे. कुणी बोलायचं नाही. पोरं खडे मारायची. सात शनिवार गेले. आठव्या शनिवारी त्या मुलाची आजी भोपळ्याच्या तुंब्यातून पाणी घेऊन आली.

तीच आपली करवंदंवाली, दादा. ती कुणाचं पहिलं फळ नव्हती. वाडीत कुणीच ख्रिस्ती झालं नाही. तरी तिने आप्पा जाईपर्यंत दर वैशाखात करवंदं आणली. आपण दोघं बिया किती लांब थुंकतो ते मोजत होतो.

तुझं काय करायचं ते मी सांगणार नाही. फक्त उन्हाची टोपी घाल. बाळाचं कळव.

तुझी सुहासिनी


ट्रुगानिना
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुहास,

सलाम. आधी बाळाचं. नऊ दिवसांनी घरी आलं, छाती मोकळी झाली. आता रडतं ते मला कुंपणाच्या अलीकडे ऐकू येतं. इतकं गोड रडणं मी ऐकलं नव्हतं.

तुझं पत्र मी विनयच्या गाडीत बसून वाचलं, काचा वर करून. आप्पांवर आधी राग आला. मग वाटलं, ते शनिवारी डोंगरावरून यायचे तेव्हा मी त्यांच्या पायांवर तेल घालून चोळायचो. सात शनिवार मी त्यांचे पाय चोळले आणि ते कुठून आले हे विचारलं नाही.

जानेवारीच्या शेवटी बुनमीच्या दारावर नवा तारा लागला. माझ्यामुळे मोडलेलं सगळं त्यांना पहिल्यापासून करायचं होतं, चांगला दिवस बघून, नातेवाईक जमवून. मी क्रेट उचलला आणि त्यांच्या ड्राइव्हवेच्या बाहेर, रस्त्याकडेच्या गवतावर जाऊन बसलो. शनिवार होता. शुभवर्तमानाचं पुस्तक घरी ठेवलं. टोपी घातली.

विनय धावत आला. "नाना, लोक पोलिसांना बोलावतील."

"बोलावू देत. मी गवतावर बसलोय, कुणाच्या दारात नाही."

"अडतीस डिग्री आहे."

"आप्पांना डोंगर होता."

त्याला काही कळलं नाही. कुत्रा फिरवणारा एक गोरा थांबून म्हणाला, "यू ओके, मेट?" मी म्हटलं, "गुड." चक्कर येऊन पडलो तर त्यांनाच त्रास, म्हणून पाण्याची बाटली नेली होती, पण पिशवीत लपवून, पाठ वळवून प्यायलो. आप्पांनी नेली नसणार. पहिल्या शनिवारी बुनमीने खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढला. दुसऱ्या शनिवारी सुनेने गाडी थांबवून काच खाली केली, "अंकल, टू हॉट, गो होम." तिसऱ्या शनिवारी मिताली छत्री घेऊन आली आणि काही न विचारता माझ्याशेजारी गवतावर बसली. तिलाच तुझं सगळं पत्र वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी रविवारच्या प्रार्थनेला, संगतीत, यतिनने विचारलं, "अंकल, शेजाऱ्यांचं पुढचं अपडेट?" मी उभा राहिलो. म्हणालो, "त्यांनी दार लावलं होतं. मी न विचारता आत गेलो. त्यांच्यासाठी नको, माझ्यासाठी प्रार्थना करा." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. यतिनने खरंच माझ्यासाठी प्रार्थना केली. बाहेर येऊन म्हणाला, "सॉरी अंकल, तुम्हाला पुढे मीच ढकललं." म्हटलं, जाळीचं दार मीच लोटलं होतं.

काल चौथा शनिवार. दुपारी बुनमी अनवाणी बाहेर आला. दारावरचा तारा त्याने स्वतः काढला, काखेत धरला आणि आत गेला. जाळीचं दार उघडंच ठेवलं. मी उठलो नाही. अर्धा पाऊण तास गेला. तो पुन्हा आला, हातात पाण्याचा पेला. मी सगळं पाणी प्यायलो. मग त्याने बोटांनी हवेत कागद चिकटवून दाखवला, शेपट्या दाखवल्या, दिव्याचं बटण दाबून दाखवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "नो गुड." आणि हसला. सगळे दात दिसले. मी पण म्हटलं, "नो गुड. व्हेरी नो गुड." आम्ही दोघं म्हातारे रस्त्यात उभे राहून इतके हसलो की त्याची बायको बघायला बाहेर आली.

आत नेलं. बाळ माझ्या मांडीवर दिलं. बुनमीच्या बायकोने माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. तीन दिवस काढायचा नाही म्हणाली सून. आज रविवार, मी लांब बाह्यांचा शर्ट घालून संगतीला निघालो. गाडीत बसलो आणि वाटलं, आप्पांनी तुंब्यातलं पाणी पाठ वळवून प्यायलं नसेल. बाह्या दुमडल्या. रुचाने पाहिलं आणि म्हणाली, "नाइस, नाना." प्रभूला काय वाटलं असेल याची काळजी आहेच. पण आज सकाळी पत्र्यावर तीनदा टकटक झाली.

एक विचारायचंय. इतकी वर्षं आपण तिची करवंदं खाल्ली. त्या म्हातारीचं नाव काय होतं?

तुझा दादा


संगमनेर
१० मार्च २०२५

प्रिय दादा,

नाव मला माहीत नव्हतं. आईनेही कधी घेतलं नाही. तुझं पत्र आल्यावर मी ट्रंक उघडली आणि आप्पांची गावांची वही काढली. कोणत्या गावात कुणाचा बाप्तिस्मा झाला ते त्यात ते लिहून ठेवायचे. वाळवी लागलीय, पण ठाकरवाडीचं पान शाबूत आहे. त्या पानावर बाप्तिस्मा एकही नाही. वर तारीख आहे आणि खाली एवढंच आहे, तुझ्यासारखंच ओळीच्या शेवटी बारीक होत गेलेल्या अक्षरात:

हिरीबाई. पाणी दिले.

तुझी सुहासिनी